‘पाणीच पीत नाही’ म्हणे!

लहान मुलांचे दात तपासणाऱ्या डॉक्टरला एक वाक्य रोज ऐकावं लागतं. “मॅडम, आमची ही पाणीच पीत नाही.” सांगणाऱ्या आईच्या सुरात काळजी असते, तक्रार असते आणि खोटं कशाला बोला, थोडं कौतुकही असतं. मग मी विचारते, दिवसभरात काय काय पिते? की यादी सुरू. सकाळी चॉकलेटी पावडर घातलेलं दूध. डब्यासोबत आंब्याच्या पेयाचं छोटं खोकं. शाळेतून आल्यावर सरबत. संध्याकाळी परत दूध, कारण “सकाळचं नीट संपवलं नव्हतं.” आणि रात्री बाटली, ती तोंडात दिल्याशिवाय डोळा लागत नाही. मुलगी चार वर्षांची. वरचे पुढचे चारही दात हिरडीपर्यंत तपकिरी.

म्हणजे पोर पिते. चांगली भरपूर पिते. घरात जे जे हाताशी ठेवलंय ते सगळं पिते. हाताशी नाही ते फक्त पाणी. तेव्हा मुलांच्या हट्टाला आणि ‘आजकालच्या पिढीला’ बोल लावायचा जो रिवाज पडलाय, तो मला मान्य नाही. पाणी न पिणारं मूल जन्माला येत नाही. ते घरी आपण घडवतो आणि उरलेलं काम शाळा करते. असं म्हटलं की लगेच बचाव पुढे येतात, आणि ते सगळे मी इतक्यांदा ऐकलेत की आता एकदा जाहीरपणे उत्तर द्यावंसं वाटतं.

पहिला बचाव शिकल्यासवरल्या घरांतून येतो. दुधातही पाणीच असतं की, ज्यूसमध्येही असतं. शरीराला पाणी मिळाल्याशी कारण.

मूत्रपिंडांपुरतं हे खरं आहे. गाईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. पण ते मूत्रपिंडांपर्यंत पोचायच्या आधी तोंडातून जातं, आणि तिथे दातांवर ठाण मांडून बसलेल्या जिवाणूंना पाण्याशी काही घेणंदेणं नसतं, साखरेशी असतं. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने दातांवरच्या चिकट थराची आम्लता थेट तोंडात मोजली. साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली, आणि काही मिनिटांत त्या थराचा पीएच धाडकन खाली आला. पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास, काहींच्या तोंडात त्याहून जास्त वेळ लागला. पीएच साधारण ५.५ च्या खाली उतरला की दाताचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळायला लागतं. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते आणि निसटलेलं कॅल्शियम-फॉस्फेट दातात परत बसवते. झीज आणि भरपाई, दिवसभर हेच चालू असतं. भरपाईला पुरेसा वेळ मिळाला तर दात टिकतो.

आता त्या खोक्याचं काय होतं पाहा. मूल ते गटागट संपवत नाही. एक घोट, मग खेळ, मग घोट, बसमध्ये बसल्यावर आणखी एक. प्रत्येक घोटाला पीएच नव्याने खाली येतो. दोनशे मिलिलिटरचं पेय तासभर पुरवून प्यायलं तर दातांना तासभर आम्लात बुडवून ठेवल्यासारखं झालं, शिवाय नंतरचा अर्धा तास वेगळा. साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा आणि किती चिकट खाल्ली हे दातांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं, हे स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म इथल्या प्रयोगांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांतच दाखवून दिलं होतं. ते प्रयोग बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संस्थेत डांबलेल्या माणसांवर, त्यांची संमती न घेता, मुद्दाम चिकट टॉफ्या चारून केले गेले. आज तसं कुणी केलं तर त्याला तुरुंगात टाकावं लागेल. पण त्या माणसांचे दात किडवून मिळवलेलं ज्ञान पाऊणशे वर्षांनंतरही आपण कामाला लावत नाही, हा त्यांच्यावरचा दुसरा अन्याय.

“बाजारचं आम्ही देतच नाही, घरी संत्र्याचा रस काढते मी.” हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर जे समाधान असतं ते मोडणं माझ्या जिवावर येतं, पण मोडावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच टक्क्यांच्या आत राहायला सांगितलं त्या साखरेत मध येतो, पाक येतो आणि फळांचा रसही येतो, मग तो घरचा असो की खोक्यातला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१७ मध्ये आणखी स्पष्ट सांगितलं: वर्षाच्या आतल्या बाळाला रस नकोच, आणि तीन वर्षांपर्यंत द्यायचाच तर दिवसाला सव्वाशे मिलीच्या आत. संत्रं सोलून फोडी हातात द्या की! मूल एक खाईल, चावेल, चावताना लाळ सुटेल. पेल्यात मात्र तीन संत्री पिळलेली असतात आणि चोथा फेकून दिलेला असतो. लिंबू सरबताची गोष्ट तर दुहेरी आहे. त्यात साखरही आहे आणि आम्लही, जिवाणूंनी मेहनत करायचीही गरज नाही.

दुधातल्या पावडरीबद्दल मी फार बोलत नाही, सरकारच बोललंय. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना सांगितलं, की बोर्नव्हिटासकट असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरातून काढून टाका, कारण असं काही सदर अन्नसुरक्षा कायद्यात नाहीच. डब्यावरची साखरेची ओळ बारीक अक्षरात असते. चष्मा लावून वाचावी.

साध्या दुधावर माझा राग नाही. दुधातली साखर बाकीच्या साखरांच्या मानाने दातांना कमी त्रास देते, आणि दुधात कॅल्शियम आहे, प्रथिनं आहेत. जेवणाबरोबर पेल्यातून प्यायलेलं दूध उत्तमच. गुन्हेगार आहे ती रात्रीची बाटली, त्यातही साखर घातलेल्या दुधाची. झोपेत लाळ जवळजवळ थांबते. झीज चालू राहते, भरपाई करणारं कुणी जागंच नसतं. या मुलांच्या तोंडात एकदा टॉर्च मारून बघा. वरचे पुढचे चार दात खडूसारखे पांढरे, मग पिवळे, मग तपकिरी, शेवटी नुसते खुंट. त्याच तोंडात खालचे पुढचे चार दात मात्र स्वच्छ, मोत्यासारखे. कारण चोखताना जीभ खालच्या दातांवर पांघरलेली असते आणि जिभेखालीच लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात. दूध साचतं ते वरच्या दातांभोवती. ही खूण इतकी ठळक असते की बाटलीबद्दल विचारायचीसुद्धा गरज पडत नाही.

आणि तरी घरचे मला विचारतात, “कॅल्शियम कमी पडलं असेल का हो?” कॅल्शियम कमी पडलं असतं तर ते वरच्या दातांना कमी आणि खालच्यांना भरपूर असं पंगतीतल्या वाढप्यासारखं वागलं नसतं. पण कॅल्शियमचं सिरप आणणं सोपं आणि बाटली सोडवणं अवघड, म्हणून दुखणं म्हशीला आणि औषध पखालीला. सोडवायची रीत कठीण नाही. दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्यायचं, पंधरवड्यात बाटलीत निव्वळ पाणी उरतं, आणि निव्वळ पाण्यासाठी कुठलंही मूल बाटलीशी फार काळ इमान राखत नाही. दोन-तीन रात्री रडारड होते, शेजारी विचारतात, आजोबा चिडतात. पण निभतं.

दुसरा बचाव आजी-आजोबांचा. “दुधाचे दात ते. पडायचेच आहेत.”

पडायचे आहेत, पण कधी? पुढचे सहा-सात वर्षांचे असताना, आणि दाढा दहा ते बाराच्या दरम्यान. तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली तर त्याला पुढची सात-आठ वर्षं तिनेच चावायचंय. त्या दुखऱ्या दाढेमुळे मूल रात्री उठतं, एका बाजूने चावतं, भाकरी नको म्हणतं, मऊ बिस्किट मागतं. मग बिस्किटाने आणखी किडतं. मुळाशी पू झाला तर खाली तयार होत असलेल्या पक्क्या दातावरही डाग येऊ शकतो. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत सरकतात, पक्क्याला जागा उरत नाही. ज्या घराने दुधाच्या दातांवर खर्च नको म्हटलेला असतो, तेच घर पुढे तारांवर खर्च करतं.

त्यातही एक जागा अशी आहे जिथे हा बचाव सरळसरळ फसतो. सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती कुठल्याच दुधाच्या दाताला पाडून येत नाही, गुपचूप मागे उगवते, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही. ती पक्की दाढ असते, आयुष्यभराची. सात वर्षांच्या मुलाच्या त्या दाढेत खड्डा दिसतो आणि बाबा निर्धास्तपणे म्हणतात, “पडेल ना ती?” २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत पाच वर्षांच्या मुलांत आणि बारा वर्षांच्या मुलांतही सुमारे निम्म्यांचे दात किडलेले आढळले. बाराव्या वर्षी तोंडात जे किडलेलं असतं ते बहुतेक पक्कं असतं.

आता पाण्याच्या बाजूने बोलताना माझ्याच पक्षातल्या काही लोकांना आवरायला हवं. पाणी म्हणजे सर्वरोगहारक, पाण्याने शरीर ‘डिटॉक्स’ होतं, मुलांना सकाळी उठल्याउठल्या लिटरभर पाजा म्हणजे बुद्धी तल्लख होते, असले संदेश फिरत असतात. शरीरातली घाण काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत, त्यांना शिबिराची गरज नाही. पाण्याने मार्क वाढतात याचा पुरावा तुटपुंजा आणि उलटसुलट आहे. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर वरचं पाणी अजिबात द्यायचं नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आईच्या दुधात त्याला लागतं तेवढं पाणी असतं. आपल्याकडे अजूनही घुटी आणि चमचा-चमचा पाणी चालूच असतं, आणि त्यातून बाळाला जुलाब लागतात.

मोठ्या मुलांना किती पाणी लागतं, याला एकच आकडा नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला १.६ लिटर पाणी पुरेसं मानलं, तेही वरण-भात, भाजी, फळं, ताक, दूध या सगळ्यांतून मिळणारं पाणी धरून. तो हिशेब युरोपातल्या हवेचा. एप्रिल-मेमध्ये चंद्रपुरात किंवा अकोल्यात पारा ४४-४५ वर गेलेला असताना मैदानावर धावणाऱ्या पोराला हा आकडा लावून चालणार नाही. लघवीचा रंग बघावा. फिकट पिवळी असेल तर ठीक, गडद असेल तर पाणी कमी पडतंय. माप हवंच असेल तर हे माप घ्या, ते फुकट आहे.

“तहान लागली की मागेल.” मोठ्या माणसांबाबत हे बऱ्यापैकी खरं. मूल मात्र खेळात असलं की त्याला भूक-तहान काही आठवत नाही, आणि तहान लागल्यावर त्याने जे मागितलं ते आपण काय देतो हाही प्रश्न आहेच. तहानेला गोड पेय हे उत्तर एकदा शिकवलं की मूल तहान लागल्यावर तेच मागतं. त्यात त्याचा काय दोष?

आजीचा आणखी एक आक्षेप असतो, जेवताना पाणी पिऊ नये. त्याला चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या एका सुभाषिताचा आधार दिला जातो, ज्यात जेवणाच्या अखेरचं पाणी विषासारखं म्हटलंय. पण त्याच सुभाषितात जेवतानाचं पाणी अमृतासारखंही म्हटलंय, ते मात्र सोयीस्करपणे गळतं. वैद्यकाने या दोन्हींपैकी काहीच सिद्ध केलेलं नाही. जेवताना दोन घोट घेतल्याने मुलाचं काही बिघडत नाही. त्यापेक्षा आजीने तिच्या आईकडून घेतलेली दुसरी सवय टिकवायला हवी होती. पानावरून उठल्यावर मोरीपाशी जाऊन खळखळून चूळ भरायची, दोनदा-तीनदा, आणि मगच घरात हिंडायचं. आता हात सॅनिटायझरने पुसले जातात आणि चूळ हा प्रकार मुलांना नाटकी वाटतो. खरं तर खाल्ल्यानंतर लगेच ब्रश करण्यापेक्षा, त्यातही आंबट खाल्लं असेल तर, आधी चूळच बरी. पाणी आम्ल पातळ करतं, अन्नकण धुऊन नेतं. ते ब्रशची जागा घेत नाही हेही सांगून ठेवते. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराइडची पेस्ट, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि नंतर वाटाण्याएवढी, मोठ्याच्या हातून, आणि त्यानंतर पाण्याशिवाय काहीही नाही. पाण्याचं दातांसाठी सगळ्यात मोठं काम हेच, की ते कशाच्या तरी जागी येतं. जिवाणूंना त्यातून खायला काही मिळत नाही.

कशाच्या तरी जागी खोटं काही आलं की काय होतं ते जुलाबाच्या मुलांत दिसतं. जुलाब लागले की मीठ-साखर मोजून घातलेलं ओआरएस द्यायचं. ते या देशात पुड्यांतून मिळतं, स्वस्त आहे, आणि बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या छावण्यांत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते किती जीव वाचवतं हे १९७१ मध्ये दाखवून दिलं. पण औषधाच्या दुकानात मागितलं की कित्येकदा हातात यायचं ते फळांच्या चवीचं गोड खोकं, नावात ठळक ‘ओआरएस’ आणि साखर खऱ्या ओआरएसच्या कित्येक पट. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून घेते, जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असल्या पेयांच्या नावात ती अक्षरं वापरायला बंदी केली. ‘पेयात पाणीच असतं की’ या युक्तिवादाची किंमत कोण मोजतं, हे कुणाला बघायचं असेल तर ते इथे बघावं.

मग पाणी कुठलं? मुंबई-पुण्यात हा प्रश्न विचारला की घरोघरी आरओ यंत्राकडे बोट जातं. धरणाचं, क्षार कमी असलेलं, पालिकेने शुद्ध केलेलं पाणी पुन्हा त्या यंत्रातून काढून निम्म्याहून जास्त मोरीत सोडून द्यायचं, ही चैन आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये क्षारांचं प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तिथे आरओ नको असंच म्हटलं होतं. टाकी स्वच्छ ठेवा, शंका असेल तर उकळा. एवढंच.

खरा प्रश्न यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडमधल्या काही गावांत आहे. तिथे मुलांनी भरपूर पाणी प्यावं असं मी म्हटलं तर तो क्रूर विनोद होईल. कूपनलिका खोल गेल्या, खडकातलं फ्लोराइड पाण्यात आलं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी लहानपणी, पक्के दात जबड्यात घडत असताना पोटात गेलं की ते दात उगवतानाच खडूसारखे, पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचे येतात. कितीही घासा, जात नाहीत. वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्यांची पुढे हाडं आणि सांधे आखडतात. आपल्याकडे याची पहिली नोंद मद्रास इलाख्यातल्या नेल्लोरची, १९३७ ची. गंमत म्हणजे याच फ्लोराइडची थोडी मात्रा दात वाचवते, म्हणून अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये ते नळाच्या पाण्यात मुद्दाम घातलं. आज फ्लोराइडची पेस्ट घरोघरी आल्यावर पाण्यात घालण्याचा फायदा बराच कमी उरलाय, असं कॉक्रेन या संस्थेच्या २०२४ च्या आढाव्याचं म्हणणं आहे. आपल्याला तो वाद घालायचं कारण नाही. आपल्याकडे निसर्गानेच हात सैल सोडलाय. त्या गावांतली मुलं दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून हसतात, आणि मुलगी बघायला आलेले लोक दातांवरून गावाची चौकशी करतात. त्यांना ‘पाणी प्या’चं पोस्टर नको आहे. पाण्याची तपासणी, हातपंपावर लाल रंग आणि दुसऱ्या स्रोताची पाइपलाइन हवी आहे.

राहिली शाळा. घरी आपण सगळं सुधारलं तरी मूल दिवसाचे सहा-सात तास तिथे असतं.

दुपारी चारला दप्तरातून बाटली बाहेर काढा. सकाळी भरली होती तेवढीच भरलेली असते. आई चिडते, मुलगी गप्प. मग ती दप्तर टाकून थेट संडासाकडे धावते. या दोन घटना एकाच मुलीच्या एकाच दुपारी घडतात आणि तरी आपण त्यांचा संबंध लावत नाही. त्या मुलीने हिशेब केलेला असतो. शाळेच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, एका हाताने दार धरून बसावं लागतं. बादलीत पाणी नाही. वास येतो. मधल्या सुट्टीत रांग लागते आणि तासाला परवानगी मागितली तर बाई सगळ्यांसमोर “आत्ता तर गेली होतीस ना?” म्हणतात. तेव्हा जायचंच नाही, आणि जायचं नसेल तर प्यायचंच नाही. आठ वर्षांची मुलगी याहून शहाणपणाचं आणखी काय करणार होती?

या शहाणपणाची किंमत शरीर चुकती करतं. लघवी तुंबवून धरायची सवय लागली की मूत्राशय नीट रिकामं होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, मुलींना वारंवार संसर्ग होतो. शौच तुंबवला की तो कोरडा, कडक होतो, दुखतो. दुखतो म्हणून मूल पुन्हा दाबून धरतं. भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देतो आणि लघवीचं दुखणं वाढतं. मग चांगली मोठी मुलगी कपड्यात शू करते म्हणून घरी ओरडा खाते. बालरोगतज्ज्ञांकडे जा, ते आधी लघवीचं नाही, संडासचं विचारतात. नुसतं जास्त पाणी पाजून हे सुटत नाही. पाणी आणि जायला जागा, दोन्ही एकदम लागतं.

यावर मुख्याध्यापकांचं ठरलेलं उत्तर: “सारखं पाणी, सारखं बाहेर, वर्ग चालवायचा कसा?” केरळने २०१९ मध्ये शाळांत पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली, दिवसातून दोन-तीनदा, काही मिनिटं. सगळे एकदम पितात म्हणून कुणाला परवानगी मागावी लागत नाही आणि कुणी वेगळं पडत नाही. पुढे दुसऱ्या राज्यांनीही ती उचलली. वर्ग बुडाल्याचं ऐकिवात नाही. जर्मनीत डॉर्टमुंड आणि एसेनच्या गरीब वस्त्यांतल्या ३२ प्राथमिक शाळांत तर याचा रीतसर प्रयोग झाला. काही शाळांत पिण्याच्या पाण्याचे नळ बसवले, प्रत्येक मुलाला बाटली दिली, पाण्यावर चार तास शिकवले. बाकीच्या शाळांत काही केलं नाही. वर्षभरानंतर पहिल्या शाळांतली मुलं रोज पेलाभर पाणी जास्त पीत होती आणि त्यांच्यात वजन प्रमाणाबाहेर जाण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी होता. गोड पेयं मात्र त्यांनी फारशी कमी केली नाहीत, हेही त्याच अभ्यासात आहे, म्हणजे शाळेने नळ दिला तरी डब्यातलं खोकं आपणच काढायचंय. पण त्या मुलांना कुणी पाण्याचे फायदे पाठ करायला लावून सोडून दिलं नव्हतं. आधी नळ बसवला.

आपल्याकडे हे उपकार म्हणूनही मागायचं कारण नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टातच प्रत्येक शाळेत पिण्याचं सुरक्षित, पुरेसं पाणी आणि मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं असलीच पाहिजेत असं लिहिलेलं आहे. कागदावर ती बहुतेक ठिकाणी आहेतही. नळ आहे, पण तोटी नाही. खोली आहे, पण कुलूप लावून ठेवलीय, ‘पाहुणे आले तर’ म्हणून. भरमसाट फी घेणाऱ्या शाळांतही मी वेगळं ऐकत नाही. पालकसभेत पाऊण तास स्मार्ट बोर्डावर चर्चा होते, स्नेहसंमेलनाच्या पोशाखावर भांडणं होतात, आणि स्वच्छतागृहाचा विषय कुणी काढला तर सभेला एकदम अवघडल्यासारखं होतं. पुढच्या सभेत तोच विषय पहिला घ्या, आणि मुख्याध्यापकांना सोबत घेऊन मुलींच्या स्वच्छतागृहापर्यंत चालत जाऊन या. कडी लागते का, नळाला पाणी येतं का, आणि घंटा किती वाजता द्यायची, एवढं ठरवून उठा. त्यानंतरही कुणाची मुलगी पाणी पीत नसेल, तर तिला माझ्याकडे घेऊन या.